निरोगींच्या रांगेत

"अहो ताई, काय मेलंय का काय इथे?" सफाईच्या मावशी दारातच थबकल्या आणि त्यांनी कोपराने नाक झाकलं. ती उंच स्टुलावर बसून छोट्या नळ्यांवर नंबर घालत होती. मान वर करून तिने विचारलं, "का? काय झालं?" तेव्हा मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "काय झालं काय विचारताय? जिन्यापर्यंत घाण मारतेय. नाक घरी खुंटीला टांगून आलात की काय?" मग तिला ती बाटली दिसली. हातभर अंतरावर, टोपण बाजूला काढून ठेवलेली. पलीकडच्या खोलीतल्या संशोधक मुलीला त्यातला थेंबभर हवा होता म्हणून पंचवीस मिनिटांपूर्वी तिनेच ती उघडली होती. तळघरातल्या या प्रयोगशाळेत ते रसायन काय चीज आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते उघडलं की सडक्या अंड्यांचा भपकारा थेट लिफ्टपर्यंत जायचा आणि वरच्या मजल्यावरून शिव्या यायच्या. तिने टोपण फिरवून घट्ट केलं, बाटली कपाटात ढकलली आणि म्हणाली, "सर्दी झालीये हो मला." सर्दी झालेली नव्हती. खोटं अगदी चटकन, तयार होऊन तोंडातून बाहेर आलं. ते आत कुठेतरी बरेच दिवस रांगेत उभं असणार.

मावशी खिडकी शोधायला लागल्या, पण तळघराला खिडकी नव्हती. त्या बडबडत पंखा लावून गेल्या. त्या गेल्यावर तिने बाटली पुन्हा काढली, टोपण जरासं सैल केलं आणि नाकाजवळ नेली. घशाच्या वरच्या बाजूला काहीतरी बोचलं, डोळ्यांत किंचित पाणी आलं. वास मात्र नाही. बंद घराची बेल दाबावी, आत ती वाजतेय की नाही तेही कळू नये, तसं. तिने आठवून बघायचा प्रयत्न केला, शेवटचा वास कधी आला होता? साबणाचा? लेकीच्या केसांचा? गेल्या हिवाळ्यात भांडं करपून काळं झालं तेव्हा लेकच धावत आली होती, "आई, तू इथेच उभी आहेस ना?" असं ओरडत. तेव्हा दोघी हसल्या होत्या. दुसऱ्या कुणी असल्या गोष्टीकडे सहज कानाडोळा केला असता. तिला तो करता येईना, कारण रुग्णांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिचंच होतं. कंपवाताचे तीनशे रुग्ण, तीनशे फॉर्म, आणि प्रत्येक फॉर्मवर नववा प्रश्न: वास येणं कमी झालं आहे का, असल्यास कधीपासून. हात थरथरायला लागण्याच्या आठ वर्षं आधी. बारा वर्षं आधी. नक्की आठवत नाही, बायको म्हणते फार आधीपासून. ती हे सगळं दोन बोटांनी, चहा पीत टाइप करत आली होती.

बाबांचंही तसंच झालं होतं. बाबा इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत आरेखक होते. अक्षर असं, की साहेबलोक नकाशा बाजूला ठेवून नुसतं ते अक्षर बघत बसत. 'न्हाणीघर', 'जिना', 'दार आत उघडते' असे साधे शब्द, पण एकेक जणू दगडात बसवलेला. आजार कळायच्या कितीतरी आधी एकदा त्यांनी नासलेलं दूध चहात घालून अर्धा कप संपवला होता, आणि आईने कपाळावर हात मारून घेतला होता. "अहो, नाक आहे की शोभेला लावलंय?" बाबा ओशाळून हसले होते. मग घरात तो विनोदच झाला. काही खराब झालंय का बघायचं असलं की म्हणायचं, बाबांना सोडून कुणालाही विचारा. पुढे कचेरीतून तक्रार आली की नकाशावरची अक्षरं वाचता येत नाहीत. ओळीच्या सुरुवातीला ठीक असायची, मग शेवटाकडे बारीक बारीक होत जायची, मुंगीएवढी. बाबा भिंग घेऊन आपल्याच अक्षराकडे बघत बसायचे. "मी मोठंच काढतोय गं," ते म्हणायचे, "कागदावर उतरताना लहान होतंय." तेव्हा ती तिशीत होती, याच प्रयोगशाळेत नुकती लागलेली, आणि तिने त्यांना चष्म्याचा नंबर बदलायचा सल्ला दिला होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या डोक्यात हा अभ्यास पहिल्यांदा शिरला तेव्हा बाबांच्या आजाराला सहा वर्षं झाली होती. सरांना फळ्यावर चित्र काढल्याशिवाय बोलता येत नसे. त्यांनी एक पेशी काढली, तिच्यात एक कुलूप काढलं. "ड जीवनसत्त्व ही किल्ली. कातडीवर ऊन पडलं की ती बनते. पण कुलूपच जरा वेगळ्या घडणीचं असलं तर? ते बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात काही लोकांमध्ये एका अक्षराचा फरक असतो. एकाच! आणि मेंदूच्या ज्या कोपऱ्यातल्या पेशी कंपवातात मरतात ना, तिथे ही कुलपं भरपूर." एके ठिकाणच्या लोकांनी असा संबंध सापडल्याचं लिहिलं होतं, दुसरीकडच्यांनी नाही म्हटलं होतं, म्हणून आपण करून बघायचं. सर सांगत होते ते बरोबर होतं आणि त्यांनी कुठेही जास्तीचं काही म्हटलं नव्हतं. जास्तीचं जे होतं ते तिने आपल्या मनाने घातलं. त्या दिवशी घरी जाताना तिला ऊन, हा एकच शब्द ऐकू येत होता. आई तोवर गेलेली; सहा वर्षं ती बाबांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत होती, चमच्याने भरवत होती, आणि आता पहिल्यांदा तिला काहीतरी करण्यासारखं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं ऊन सुरू झालं. नऊ ते साडेनऊ, गच्चीवर, बाह्या कोपराच्या वर दुमडून. गच्चीपर्यंत अठरा पायऱ्या होत्या आणि बाबांचे पाय मध्येच जमिनीला खिळायचे. मग एक-दोन-एक-दोन असं मोजत, कवायतीसारखं, त्यांना वर न्यावं लागे. बाबांना ते अजिबात आवडत नसे. "मला ऊन सोसत नाही गं. आयुष्यभर उत्तरेच्या उजेडात बसलेला माणूस मी. तिकडून सावली पडत नाही हातावर." त्यांचा आवाज तोवर इतका खाली गेला होता की कान तोंडाजवळ न्यावा लागे. ती म्हणायची, "बाबा, अर्धाच तास. औषध समजा." ते समजायचे. त्यांना त्यांच्या खोलीत, जुन्या नकाशांची भेंडोळी उलगडून बसायचं असायचं, पण आता त्यांना कोण विचारतंय? प्रेमाने केलेल्या जबरदस्तीला नाही म्हणायची सोय नसते. तिला हे तेव्हाही कळत होतं. ते कळणं तिने रोज सकाळी नऊ वाजता बाजूला ठेवलं.

एका सुट्टीच्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवून ती खाली आली आणि फोन वाजला. सर. मोठा फ्रीजर बंद पडला होता, तोवर गोळा झालेलं सगळं रक्त वितळायच्या बेतात होतं आणि किल्ली हिच्याकडे होती. ती पायात चपला सरकवून निघाली. लेक आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली होती. बारा वर्षांची, घरात सगळे तिला बुटकी म्हणायचे. आजोबांना साडेनऊला खाली आण, हे लेकीला सांगायचं मनात होतं, अगदी जिभेवर होतं, पण दार लावताना ती किल्ली शोधत होती. तिकडे बर्फ आणणं, खोकी हलवणं, नळ्या मोजणं. एकही नमुना गेला नाही. सर म्हणाले, "तुम्ही नसतात तर आज संपलोच होतो." ते वाक्य मनात चघळत ती परत आली तेव्हा पाऊण वाजला होता, आणि आपल्याच घराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिला आठवलं. उरलेल्या पायऱ्या ती कशी चढली हे तिला आजही सांगता येत नाही. बाबा बसवले तसेच होते. सावली केव्हाच भिंतीला जाऊन मिळाली होती. कपाळावर आणि हातांवर फोड आले होते, खुर्चीखाली ओलं होऊन वाळलेलं होतं, दुपारची गोळी चुकल्यामुळे सगळं अंग लाकडासारखं झालं होतं. फक्त ओठ हलत होते. तिने कान जवळ नेला. ते म्हणाले, "साडेनऊ वाजले का?"

हे ते खरंच विचारत होते की टोमणा होता, हे तिला आठ वर्षांत ठरवता आलं नव्हतं. बाबा टोमणे मारणारे नव्हते. पण उन्हाने भ्रमिष्ट झाले असतील तर ते खरंच साडेनऊची वाट बघत असणार, आणि ते तर टोमण्याहून वाईट होतं. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना तिने सांगितलं की उन्हात डोळा लागला त्यांचा. बाबांनी दुजोरा दिला नाही की खोडलंही नाही. आणि सगळ्यात न सांगण्यासारखं ते हे, की आठवडाभराने, फोड सुकले तसं, तिने त्यांना पुन्हा वर नेलं. टोपी घालून, वीसच मिनिटं, पण नेलं. कारण ते सोडलं असतं तर ती दुपार नुसतीच उरली असती. ऊन चालू ठेवलं तर ती निदान औषधाच्या मात्रेतली चूक ठरत होती. नऊ महिन्यांनी बाबा छातीत कफ होऊन गेले. ती पुन्हा तळघरात, रक्ताच्या नळ्यांकडे आली.

अभ्यास रखडत रखडत चालला. पैसे थांबले, सुरू झाले, माणसं बदलली. रुग्ण मिळत होते, निरोगी माणसं मिळेनात. कुणाला आहे वेळ, कशाला देतील रक्त? शेवटी अकरा कमी पडले तेव्हा सरांनी दवाखान्यातल्याच लोकांना विनंती केली, आणि तिनेही दंड पुढे केला. वडिलांना आजार होता हे सांगायला हवं होतं, तिने नाही सांगितलं; फॉर्मवर तो रकाना तिने रिकामा सोडला. नळीवर कुणाचंही नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक, म्हणजे कुणाचं कोणतं ते कुणालाच कळू नये. पण चिकटवणारीच ती. नि २९४. नि म्हणजे निरोगी. मावशी नाक झाकून गेल्या त्याच आठवड्यात नमुन्यांची शेवटची ताटली तपासायची होती आणि तीत २९४ होता.

तिने काम नेहमीसारखंच केलं, कदाचित जास्तच नेटकं. वेगळं अक्षर असेल तिथेच डीएनए कातरणारं एंझाइम घातलं, नळ्या उबेला ठेवल्या, मग जेलच्या पारदर्शक वडीतल्या खाचांमध्ये एकेक थेंब सोडला. हात थरथरला का? तिने प्रत्येक थेंबाला हाताकडे बघितलं आणि बघितल्यामुळे तो थरथरल्यासारखा वाटला. दिवे घालवून तिने जांभळा प्रकाश लावला. नारिंगी रेघा उजळल्या. एकच जाड रेघ म्हणजे अक्षर साधं, कातर बसलेली नाही. तीन रेघा म्हणजे एक प्रत साधी, एक वेगळी. दोन रेघा म्हणजे दोन्ही प्रती वेगळ्या. सरांचं लक्ष याच दोन रेघांकडे होतं. चौदावी खाच तिच्या नमुन्याची. खाली दोन रेघा होत्या. स्वच्छ, सरळ, पाठ्यपुस्तकात छापाव्यात अशा. ती बघत राहिली. एक वेगळी प्रत बाबांकडून आलेली, एक आईकडून; म्हणजे बाबांच्याकडे ती नक्की होती. आणि दोन्ही वेगळ्याच असल्या की लेकीला साधी द्यायला हिच्याकडे नव्हतीच. बुटकी आता विशीची, आईपेक्षा वीतभर उंच, बसच्या मागे पळत जाऊन ती पकडणारी, आणि तिच्या प्रत्येक पेशीत यातली एक प्रत, ठरलेली. शंभर माणसांत वीस-पंचवीसजणांकडे या रेघा असतात आणि त्यातले बहुतेक सुखाने म्हातारे होऊन मरतात, हे तिला पाठ होतं. पाठ असण्याचा काही उपयोग होत नव्हता. तिने फोटो काढला आणि वहीत लिहिलं: नि २९४, दोन. अक्षर जरा लहान आलं असं वाटून तिने तो दोनचा आकडा पुन्हा गिरवला.

मेंदूच्या ओपीडीतली डॉक्टरीण ओळखीची होती. तिने वासाची चाचणी घेतली. बारा चिठ्ठ्या, प्रत्येक नखाने खरवडायची आणि चार पर्यायांतून एक सांगायचा. संत्रं, धूर, रॉकेल, गुलाब. तिच्या लेखी बाराही चिठ्ठ्या म्हणजे नुसता बिनवासाचा कागद. चार उत्तरं बरोबर आली. नुसती डोळे मिटून ठोकली असती तरी तीन आलीच असती. डॉक्टरणीने तिचे हात पुढे धरायला लावले, बोटं आपटायला लावली, खोलीभर चालवलं. "हातापायांत काही नाही. वास काय, दहा कारणांनी जातो. तू आयुष्यभर रसायनांत बसलेली. सर्दीच्या एखाद्या विषाणूनेही जातो. वर्षाने ये."

"वर्षाने काय होईल?"

"एक तर काही नाही. नाही तर काहीतरी कळेल."

"आणि तोवर?"

"तोवर व्यायाम कर. झोप नीट घे." डॉक्टरीण कागदावर लिहिता लिहिता म्हणाली, "आणि सारखी त्या तळघरात बसू नकोस. थोडं ऊन घे." तिला हसू फुटलं. ते थांबेना तसं डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मग ती माफ करा, माफ करा म्हणत उठली आणि कागद तिथेच टेबलावर विसरून आली.

दोन दिवसांनी सरांनी हिशोब मांडला. तीनशे विरुद्ध तीनशे. दोन रेघावाले रुग्णांत जेवढे, जवळजवळ तेवढेच निरोगींत. "नाही," सर खुर्ची मागे टाकत म्हणाले. "संबंध दिसत नाही. आठ वर्षं गेली, पण हरकत नाही, नाही सापडलं हेही एक सापडणंच. लिहू आपण." ती उभीच होती. बाबांच्या दुमडलेल्या बाह्या तिच्या डोळ्यांपुढे होत्या, त्यातून बाहेर आलेले पांढुरके, सुरकुतलेले दंड. ती म्हणाली, "सर, नि २९४ काढून टाका. तो नमुना माझा आहे. माझ्या वडिलांना होता हा आजार, मी लिहिलं नव्हतं. आणि मला बहुतेक..." पुढचं तिने गिळलं. सरांनी तिच्याकडे बघितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं, निदान बोलतील तरी. त्यांनी पडद्याकडे वळून एक ओळ पुसली आणि बटण दाबलं. आकडा हलला, दशांशचिन्हानंतर तिसऱ्या जागी. "बघा. काही फरक पडत नाही," ते मऊ आवाजात म्हणाले. तिला धीर द्यायलाच म्हणाले.

"म्हणजे सर, ऊनबिन सगळं..."

"उन्हाने काही होत नाही असं यातून म्हणता येणार नाही, ताई. होतं असंही नाही. आपण एका जनुकातलं एक अक्षर बघितलं. बस." तिला वाटलं, त्यांचे खांदे धरून गदगदा हलवावेत. हो म्हणा. नाही म्हणा. चूक असेल तर चूक म्हणा, म्हणजे ती पुरती चूक तरी होईल. पण सर खरं बोलत होते, आणि खऱ्यात तिला उभं राहायला वीतभरही जागा नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बुटकी पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होती. नवरा दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात गेल्यापासून घरात दोघीच, आणि घड्या घालताना बोलायची त्यांची जुनी सवय. नाकाचं सांगायचं ती ठरवून आली होती. वाक्यही जुळवलं होतं: घाबरू नकोस, नक्की काही नाही, पण तुला माहीत असलेलं बरं. ती पलंगाच्या कडेला बसली, तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर आलं. "आजोबांचा त्या दिवशी उन्हात डोळा लागला नव्हता. मी विसरले होते त्यांना. मी लॅबमध्ये गेले आणि विसरले." आठ वर्षांत हे शब्द तिने हवेत कधी ऐकले नव्हते. ते इतके थोडे असतील असं तिला वाटलं नव्हतं.

बुटकी घडी घालत राहिली. बाही आत, बाही आत, मध्ये दुमड. मग म्हणाली, "मला माहितीये."

"आजोबा बोलले?"

"नाही. मी ऐकलं होतं." तिने घडी बाजूला ठेवली, दुसरा कपडा घेतला नाही. "त्यांनी हाक मारली मला. बुटके, म्हणून. त्यांचा आवाज किती बारीक होता ना, पण माझी खिडकी बरोबर खाली होती."

"तुला वाटलं असेल मी वर आहे."

"मी तेच सांगणार होते, कधी विचारलंस तर." बुटकी आपल्या पावलांकडे बघत होती. "पण नाही वाटलं तसं. तू रिक्षात बसलीस ते मी बघितलं होतं. मला त्यांना खाली आणायचं नव्हतं, आई. एक-दोन, एक-दोन. एकेक पायरीला किती वेळ लागायचा. आणि मग ते माझा हात धरून बसायचे, सोडायचेच नाहीत. मला कंटाळा आला होता त्यांचा." तिने मघाची घडी पुन्हा उलगडली. "म्हणून मी खिडकी लावून घेतली."

तू बारा वर्षांची होतीस, एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं, सोपं होतं, समोर बसलेली पोर तेवढ्याचसाठी ताटकळली होती, कदाचित आठ वर्षं. त्याऐवजी तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, नळ्या मोजतानाचा, कोरडा. "किती वाजले होते तेव्हा?"

"दहाला दहा कमी असतील."

"किती वेळा मारली हाक?"

"तीनदा. मग नाही मारली."

म्हणजे बाबांनी वीस मिनिटं जास्तीची वाट बघितली, तीनदा हाक मारली, खिडकी लागल्याचा आवाज ऐकला. त्यानंतरचे तीन तास त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. मान वळवता येत नव्हती, आणि समोर नुसतं ऊन. साडेनऊ वाजले का, असं त्यांनी विचारलं ते आता कुणीच येणार नाही हे कळलेल्या माणसाने विचारलं होतं, की नातीवर आळ येऊ नये म्हणून वेळच कळली नसल्याचं सोंग केलं होतं? तिला आणखी एक शक्यता मिळाली होती. आधीच्या दोन तशाच होत्या, आता तीन झाल्या. लेकीचा खांदा हलायला लागला होता. हात उचलून त्यावर ठेवायला हवा हे तिला दिसत होतं. हात मांडीवर होता. तो नुसता पडून होता. आजाराने नव्हे, तिला खात्री होती, आजाराने नव्हे.

बुटकीने डोळे पुसले आणि विचारलं, "तू काहीतरी सांगायला आली होतीस ना? आल्या आल्या तुझा चेहरा वेगळाच होता."

"नाही," ती म्हणाली. "एवढंच होतं."